शरीराचं पासबुक

(सोसायटीच्या रौप्य महोत्सवी कार्यक्रमात डिसेंबर २०२४ मध्ये गच्चीवर केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना त्या दिवशी वेळेअभावी राहिलेले एक-दोन मुद्दे घातले आहेत.)



सचिवसाहेबांनी मला 'आरोग्य आणि आपण' असा विषय दिला होता. त्यांची अपेक्षा बहुधा अशी की काका सकाळी चालायला जातात, तेव्हा शुगर, बी.पी. आणि गुडघे यांवर काहीतरी सांगतील. पण त्यावर बोलणारे या गच्चीवर माझ्यापेक्षा हुशार बरेच बसले आहेत. मी आज जरा वेगळं बोलणार आहे. मी बी.कॉम. झालेला माणूस, चौतीस वर्षं बँकेत काढली. रसायनशास्त्र माझं नाही. जे सांगतो ते माझ्या डॉक्टर भाच्याकडून शिकलो आणि निवृत्तीनंतर वाचून वाचून पक्कं केलं.

सुरुवात दहा वर्षांपूर्वीच्या एका रात्रीपासून करतो. नोव्हेंबर २०१४ ची अखेर. आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. उल्हासनगरात वालधुनीच्या पात्रात रात्रीच्या अंधारात टँकरमधून रासायनिक सांडपाणी सोडलं गेलं. पहाटेपर्यंत काठच्या वस्तीत उलट्या, चक्कर, डोळ्यांची आग, श्वास कोंडणं असा हाहाकार झाला. शेकडो माणसं इस्पितळात दाखल झाली. माझी थोरली बहीण तेव्हा त्या बाजूला राहायची. तिला रिक्षात घालून आम्ही दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, "आजी, वास कसला होता? कुठलं केमिकल होतं?"

ताई म्हणाली, "मेला वास घाणेरडा होता. मला काय ठाऊक कसला!"

मलाही ठाऊक नव्हतं. त्या रांगेत कुणालाच ठाऊक नव्हतं. ताई दोन दिवसांत घरी आली, देवाची कृपा. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. कारण अगदी तसाच प्रश्न अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी स्वतः विचारायला हवा होता आणि विचारला नव्हता. ती गोष्ट आज सांगायची आहे.

१९८६ चा डिसेंबर. मी तेव्हा आपल्या या पट्ट्यातल्याच एका शाखेत फील्ड ऑफिसर होतो. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत अंबरनाथ-बदलापूरला छोटे छोटे केमिकलचे कारखाने उभे राहिले. त्यांना खेळतं भांडवल आमच्यासारख्या बँका देत. महिन्यातून एकदा आम्ही स्टॉक तपासायला जायचो. ड्रम मोजायचे, स्टेटमेंटशी ताडून पाहायचे, तारण पुरेसं आहे की नाही ते बघायचं, चहा घ्यायचा, सही करायची, निघायचं.

असाच एका रंगाचा कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यात गेलो होतो. शेडमध्ये बूट पॉलिशसारखा उग्र वास. एक चाळिशीचा माणूस ड्रममधून बादलीने तेलकट पातळ काढून दुसरीकडे ओतत होता. हातात मोजे नाहीत. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं तर ओठ निळे. नुसते काळपट नाहीत, जांभळ्या शाईत बुडवल्यासारखे. नखंही तशीच. डिसेंबर होता, म्हणून मी म्हटलं, "काय मामा, थंडी लई वाजतेय वाटतं?"

तो हसून म्हणाला, "थंडी न्हाई सायेब. हितं काम केलं की ओठ असंच व्हत्यात. आयतवारी उतरतं, सोमवारी पुन्हा चढतं."

मी 'अस्सं का' म्हणून पुढचे ड्रम मोजायला गेलो.

बंधू-भगिनींनो, त्या माणसाने एका वाक्यात सगळं शास्त्र सांगितलं होतं. ते मला कळायला तीस वर्षं लागली.

त्या ड्रममध्ये ॲनिलिन किंवा त्याच्या जवळच्या नात्यातलं नायट्रोबेंझिन असणार. बूट पॉलिशचा वास नायट्रोबेंझिनचा. एके काळी ते खरोखरच बूट पॉलिशमध्ये घालत असत. त्याच्यापासून ॲनिलिन बनवतात आणि ॲनिलिनपासून रंग, औषधं, रबराला लागणारी रसायनं असं बरंच काही.

या नावाची गंमत ऐका. १८२६ साली एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने निळीपासून हा पदार्थ प्रथम वेगळा केला. निळीच्या झाडाला पोर्तुगीज लोक 'अनिल' म्हणत. तो शब्द अरबीतून गेलेला आणि मुळात आपल्या संस्कृत 'नील' वरून आलेला. त्यावरून पुढे ॲनिलिन असं नाव पडलं. म्हणजे नाव आपलंच, फिरून परदेशी झालं आणि ड्रमवर लेबल होऊन परत आलं. आज बाजारातला बहुतेक नीळ रंग झाडापासून येत नाही, ॲनिलिनपासूनच बनतो. उल्हासनगरच्या जीन्स सगळीकडे जातात. ते निळं कापड दुसरीकडच्या मिलमध्ये रंगवलेलं असतं, आपल्याकडे शिलाई आणि धुलाई होते. पण त्या निळ्याच्या मागे कुठेतरी कुणीतरी ॲनिलिनचा ड्रम हाताळलेला असतो.

आता हे शरीरात काय करतं ते सांगतो. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. त्यातलं लोह एका विशिष्ट अवस्थेत असतं तोवरच हे काम होतं. ॲनिलिन शरीरात गेलं की यकृतात त्याचं रूपांतर होतं आणि ते नवं रूप रक्तातल्या लोहाची अवस्था बदलून टाकतं. अशा बिघडलेल्या हिमोग्लोबिनला मेथहिमोग्लोबिन म्हणतात. ते प्राणवायू धरत नाही आणि शेजारच्या चांगल्या हिमोग्लोबिनलाही प्राणवायू सहज सोडू देत नाही. निरोगी माणसात हे प्रमाण साधारण एक टक्क्याच्या आसपास असतं. दहा-पंधरा टक्क्यांवर गेलं की ओठ-नखं निळी पडतात, आणि गंमत म्हणजे माणसाला तेव्हा फारसा त्रास वाटतही नाही. वीस-तीसच्या पुढे डोकं दुखतं, धाप लागते, चक्कर येते. पन्नासच्या पुढे शुद्ध हरपते, आणि सत्तरच्या आसपास जीवच जातो.

शरीराकडे हे बिघडलेलं हिमोग्लोबिन पुन्हा दुरुस्त करायची सोय आहे. काम थांबलं की एक-दोन दिवसांत रंग उतरतो. म्हणून आयतवारी उतरायचं, सोमवारी चढायचं.

आता घरोघरी असलेल्या एका यंत्राबद्दल. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घेतलं. माझ्याकडे दोन आहेत. भाचा म्हणाला, "मामा, मेथहिमोग्लोबिन झालेल्या माणसाच्या बोटाला हे लावलंस तर फसशील." कारण हे यंत्र दोनच रंगांचा प्रकाश वापरतं. बिघडलेलं हिमोग्लोबिन खूप वाढलं की आकडा ८५ च्या आसपास अडकून बसतो. माणूस आणखी बिघडला तरी ८५, थोडा सुधारला तरी ८५. प्राणवायू लावला तरी निळेपणा हटत नाही. अशा रुग्णाचं रक्त चॉकलेटी दिसतं. पांढऱ्या टिपकागदावर थेंब टाकला आणि हवेत ठेवला तरी लाल होत नाही, तसाच तपकिरी राहतो. खात्रीसाठी को-ऑक्सिमीटर नावाचं वेगळं यंत्र लागतं. त्यावर औषध आहे आणि ते चांगलं लागू पडतं. त्याचं नाव मिथिलीन ब्लू, म्हणजे तोही एक रंगच! मात्र ते डॉक्टरनेच शिरेतून द्यायचं. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची कमतरता असते त्यांना ते घातक ठरू शकतं. म्हणून डॉक्टरला रसायनाचं नाव माहीत असणं इतकं महत्त्वाचं.

अंबरनाथचं आपलं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे १०६० सालचं, आणि तेही वालधुनीच्याच काठावर. तिथे आपण नीलकंठाला हात जोडतो. देवाने विष कंठातच थांबवलं. माणसाला ती सोय नाही, त्याचं रक्तात उतरतं.

आता त्या मामांकडे परत येतो. त्यांचं नाव मी सांगणार नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या आधी एका संध्याकाळी ते स्टेशनच्या रस्त्यावर कोसळले. लोक जमले. तोंडाला दारूचा वास. कुणीतरी म्हणालं, "पिऊन पडलाय." कारखान्याच्या मालकांनी दुसऱ्या दिवशी त्यांना कामावरून कमी केलं. ते कंत्राटी, त्यामुळे कागद वगैरे काही नाही. दोन महिन्यांनी ते आमच्या शाखेत आले. भाजीची हातगाडी घ्यायची होती, छोटं कर्ज हवं होतं. रक्कम आज सांगितली तर मुलं हसतील, इतकी लहान. मी मालकांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "साहेब, माणूस कामाला चांगला, पण पितो." मी अर्जावर शेरा मारला: 'अर्जदार मद्यपी असल्याचे समजते. शिफारस नाही.' आणि फाइल बंद केली.

ते संध्याकाळी थोडी घेत असत, हे खरं असेल. पण मला जे ठाऊक नव्हतं ते हे: ॲनिलिन आणि नायट्रोबेंझिनचा त्रास दारूने वाढतो. दिवसभर अंगात गेलेलं रसायन, वरून दोन घोट, आणि जो माणूस एरवी फक्त निळा दिसला असता तो रस्त्यात आडवा होतो. जगभरच्या रंग कारखान्यांत हे जुन्या काळापासून माहीत आहे. चक्कर, अडखळती जीभ, झोकांड्या, सगळं दारूसारखंच दिसतं. त्यामुळे दोष दारूच्या नावावर जमा होतो आणि रसायन नामानिराळं राहतं.

मामांना नक्की काय झालं होतं हे आज मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कारण कुणी रक्त तपासलं नाही. आणि मुद्दा तोच आहे. एका तपासणीने खरं-खोटं झालं असतं. ती झाली नाही, आणि तिच्या जागी माझा शेरा लागला.

आता ही तपासणी म्हणजे काय? याला जैविक मापन म्हणतात. बँकेच्या भाषेत सांगतो. बाजारात पैसा किती खेळतोय हे एक, आणि तुमच्या खात्यात किती जमा झाला हे दुसरं. कारखान्यात हवेतलं रसायन मोजतात, ते बाजारातला पैसा मोजण्यासारखं. रक्त किंवा लघवी तपासणं म्हणजे त्या माणसाचं पासबुक भरून घेणं.

ॲनिलिनच्या बाबतीत पासबुक का हवं? कारण ते कातडीतून आत जातं. फॅक्टरी ॲक्टच्या दुसऱ्या परिशिष्टात हवेतली मर्यादा दिली होती, दहा लाखांत दोन भाग. आणि नावापुढे एक शब्द छापला होता: 'त्वचा'. हा कायद्याने मारलेला शेरा होता. त्याचा अर्थ असा की हवा स्वच्छ असली तरी निश्चिंत राहू नका, हे हातावाटे, भिजलेल्या कपड्यांवाटे, बुटांवाटेही शिरतं. मामांच्या शेडमध्ये हवेचं यंत्र लावलं असतं तर कदाचित आकडा बरा आला असता. पण त्यांचे कोपरापर्यंतचे हात रोज त्यात होते.

तपासण्या मुख्यतः दोन. एक, रक्तातलं मेथहिमोग्लोबिन. हे कळतं की इजा झाली, पण कशाने झाली ते कळत नाही. दुसरी काही रसायनं, काही औषधं, विहिरीच्या पाण्यातलं जास्त नायट्रेट यांनीही ते वाढतं. दुसरी तपासणी लघवीची. ॲनिलिन शरीरातून बाहेर पडताना बरंचसं पॅरा-ॲमिनोफिनॉल नावाच्या पदार्थाच्या रूपात लघवीतून जातं. तो सापडला की आत काय गेलं होतं याचा धागा मिळतो.

इथे तीन गोष्टी लक्षात ठेवा. तरुण मुलांनी विशेषतः, कारण तुमच्यापैकी काहीजण एमआयडीसीत नोकरीला आहात.

पहिली, वेळ. हे पासबुक असं आहे की त्यातली नोंद एक-दोन दिवसांत पुसली जाते. नमुना पाळी संपताना घ्यायचा असतो. वार्षिक तपासणी रविवारची सुट्टी संपवून सोमवारी सकाळी कामावर चढायच्या आधी केली, तर सगळं 'नॉर्मल' येणार. तो अहवाल खोटा नाही, पण त्याचा उपयोगही नाही. शिसं किंवा पारा यांच्यासारखी काही विषं शरीरात रेंगाळतात, त्यांचा हिशेब वेगळा. म्हणजे 'तपासणी झाली' एवढ्यावर समाधान मानायचं नाही. कुठल्या रसायनासाठी, कधी, आणि कशाची तपासणी झाली, हे विचारायचं.

दुसरी, पाणी. ज्याने तांब्याभर पाणी प्यायलं त्याची लघवी पातळ, ज्याने प्यायलं नाही त्याची घट्ट. मग तुलना कशी करायची? म्हणून लघवीतल्या क्रिएटिनिनच्या प्रमाणात आकडा काढतात. बँकेत आपण नुसती थकबाकी बघत नाही, एकूण कर्जाच्या किती टक्के ते बघतो, तसंच हे.

तिसरी गोष्ट ऐकून तुम्हाला नवल वाटेल. पॅरासिटामोल, म्हणजे आपली तापाची गोळी, रसायनाच्या नात्याने याच घराण्यातली आहे. शरीरात गेलेल्या ॲनिलिनचा काही भाग खुद्द पॅरासिटामोलमध्ये बदलतो. त्यामुळे आदल्या दिवशी डोकं दुखलं म्हणून गोळी घेतली असेल तर लघवीतला आकडा फुगलेला येऊ शकतो. तपासणीच्या वेळी हे सांगायचं, लपवायचं नाही.

ज्येष्ठ मंडळींसाठी एक वेगळी गोष्ट. आपल्या सोसायटीत रंगाच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले लोक आहेत. घाबरवायचं नाही, पण माहीत असावं. १८९५ साली जर्मनीत फ्रँकफर्टला लुडविग रेन नावाच्या सर्जनच्या लक्षात आलं की एका रंग कारखान्यातल्या ४५ कामगारांपैकी तिघांना मूत्राशयाचा कर्करोग झाला आहे. पुढे कळलं की त्यात मोठा वाटा बेंझिडिन आणि नॅफ्थिलअमाइन या रसायनांचा होता. हीही ॲनिलिनच्याच कुळातली, पण जास्त घातक. आपल्या देशातही अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने अमेरिकन शास्त्रज्ञांबरोबर तिथल्या बेंझिडिन हाताळणाऱ्या कामगारांच्या लघवीचा अभ्यास केला. तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. लघवीबरोबर मूत्राशयाच्या अस्तराच्या ज्या पेशी गळून येतात, त्या पेशींच्या डीएनएला रसायन चिकटलेलं त्यांना सापडलं. म्हणजे आजार दिसायच्या कितीतरी आधी शरीर नोंद करून ठेवत होतं. खुद्द ॲनिलिनलाही जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने २०२० मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातलं.

हा आजार काम सोडल्यावर पंधरा-वीस, कधी तीस वर्षांनीही उगवतो. म्हणून ज्यांनी रंग किंवा रंगाच्या कच्च्या मालात काम केलं आहे, त्यांनी लघवीतून एकदा जरी रक्त गेलं, आणि दुखत नसलं तरी, अंगावर काढू नये. 'उष्णता झाली असेल' म्हणून सब्जा पीत बसू नये. डॉक्टरकडे जावं आणि स्वतःहून सांगावं की मी अमुक वर्षं अमुक रसायनात काम केलं. डॉक्टर सिगारेटबद्दल विचारतील, जुन्या नोकरीबद्दल विचारतीलच असं नाही.

आता कागदाचं बोलतो. तो माझा प्रांत. भोपाळ १९८४ साली झालं. त्यानंतर १९८७ मध्ये फॅक्टरी ॲक्टमध्ये एक नवं प्रकरण आलं. त्यातल्या कलम ४१-सी प्रमाणे धोक्याच्या रसायनात काम करणाऱ्या कामगारांच्या आरोग्याची अचूक नोंद ठेवणं हे मालकाचं काम होतं, आणि ती नोंद कामगाराला बघायला मिळायला हवी होती. तिसऱ्या परिशिष्टात कळवायलाच हव्यात अशा आजारांची यादी होती. त्यात बेंझिन आणि त्याच्या नायट्रो-अमिडो संयुगांची विषबाधा, म्हणजे आपली ही मंडळी, होती. असा रुग्ण आला तर कारखान्याच्या व्यवस्थापकाने आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही, अगदी गल्लीतल्या डॉक्टरनेही, फॅक्टरी खात्याला कळवायचं असतं. त्या खात्याला आपल्याकडे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय म्हणतात, आणि त्याचं कार्यालय कल्याणला आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातही हा आजार कामामुळे झालेला मानला होता. आणि १९९५ साली सुप्रीम कोर्टाने ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात सांगितलं की कामगाराची आरोग्य नोंद नोकरी लागल्यापासून चाळीस वर्षं, किंवा नोकरी सुटल्यावर पंधरा वर्षं, यांत जे नंतर येईल तोपर्यंत जपा.

कायदा आहे. पण आमच्या बँकेत म्हणत, व्हाउचर नाही तर एंट्री नाही. मामांना 'तुम्हाला कामामुळे झालं' हे सिद्ध करायला एक चिठ्ठी हवी होती. ती कुणी केली नाही. म्हणून माझं तरुणांना सांगणं, कंपनीत तपासणी झाली की अहवालाची प्रत मागा. अर्ज करून मागा, पोचपावती घ्या, घरच्या फाइलीत लावा. आपण लाइट बिल पाच-पाच वर्षं जपतो. रक्ताचा अहवाल मात्र कंपनीच्या कपाटात राहतो आणि कंपनी बंद पडली की रद्दीत जातो.

गृहिणींसाठीही एक सूचना. कामावरचे कपडे घरच्या कपड्यांत, विशेषतः लहान बाळाच्या कपड्यांत, धुऊ नका. इंग्लंडमध्ये १८८६ साली तान्ही बाळं अचानक निळी पडलेली आढळली. शोध घेतला तेव्हा कळलं, दुपट्यांवर इस्पितळाचा शिक्का मारला होता, त्या शाईत ॲनिलिन होतं. धुण्याआधीच ती दुपटी वापरली गेली. बाळाच्या कातडीला आणि रक्ताला हे मोठ्या माणसापेक्षा लवकर बाधतं. आणि एक जुना समज, गूळ खाल्ला, दूध प्यायलं की केमिकल उतरतं. गूळ खा, दूध प्या, त्याला ना नाही. पण कारखान्यात मोज्यांच्या ऐवजी गूळ वाटला जात असेल तर तो गूळ महाग पडतो. अंगावर सांडलं तर कपडे लगेच काढा, साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, आणि ओठ निळे दिसले तर 'थंडी आहे' म्हणू नका.

शेवटी आपल्या सोसायटीसाठी एक सूचना. जून २०२१ मध्ये बदलापूरला रात्री वायुगळती झाली, लोकांना श्वास घेणं जड झालं. यंदाच्या सप्टेंबरात अंबरनाथमध्ये धूर पसरला, डोळे चुरचुरले. आपण काय करतो? व्हॉट्सॲपवर 'वास येतोय का?' असं विचारतो, चाळीस जण 'हो' म्हणतात, सकाळी सगळं विसरतो. मोबाइल बदलला की तेही गेलं.

मी कमिटीला विनंती करतो की वॉचमनच्या केबिनमध्ये एक जाड वही ठेवावी. उग्र वास आला की तारीख, वेळ, वारा कुठल्या बाजूने, वास कसा होता, कुणाला काय त्रास झाला, हे लिहायचं. वहीच्या पहिल्या पानावर अग्निशमन दल, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि जवळच्या इस्पितळाचे नंबर. कुणाला दाखल करावं लागलं तर सोबत जाणाऱ्याने डॉक्टरांना विनंती करायची की पहिल्या तासांत घेतलेलं रक्त आणि लघवी यांचा थोडा नमुना राखून ठेवा. रसायनाचं नाव दोन दिवसांनी कळलं तरी तो नमुना तपासता येईल. दोन दिवसांनी घेतलेला नमुना काही सांगणार नाही. २०१४ च्या त्या रात्री हे मला माहीत असतं तर ताईसाठी मी एवढं तरी केलं असतं.

वहीच्या पहिल्या वर्षाचा खर्च मी देतो. पंच्याहत्तर रुपयांची वही येते, त्यामुळे फार मोठी देणगी समजू नये.

मामांना मी नंतर शोधलं. २०१६ मध्ये, भाच्याने हे सगळं समजावल्यावर, त्यांच्या जुन्या चाळीत गेलो. चाळ पाडून टॉवर झाला होता. शेजारचा एक किराणा दुकानदार म्हणाला, ते कुटुंब बरीच वर्षं झाली, गावाला गेलं. कुठलं गाव, त्याला माहीत नव्हतं. बँकेतली ती फाइलही केव्हाच नष्ट झाली असणार. जुनी रेकॉर्ड्स आम्ही नियमाप्रमाणे नष्ट करतो. माझा शेरा खोडायला आता जागा उरलेली नाही. तेव्हा तो इथे, तुम्हा सगळ्यांसमोर खोडतो. त्या जागी एवढंच लिहायला हवं होतं: 'अर्जदार कामाला चांगला. तब्येतीची तपासणी व्हावी. शिफारस आहे.'

स्वयंपाकघरातून श्रीखंड बाहेर आलंय असं मला इथून दिसतंय, त्यामुळे थांबतो. पंचवीस वर्षं आपण एका छताखाली भांडलो, गणपती बसवले, लिफ्टसाठी वर्गणी काढली. पुढची पंचवीस वर्षं अशीच निरोगी जावोत. 

जय हिंद, जय महाराष्ट्र.